दंड भरून मोकळं व्हायच्या आधी थांबा

पत्र असं आलंय:

"ताई, आम्ही भांडुपला राहतो. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. गेल्या महिन्यात शनिवारी रात्री बँडस्टँडला मित्रांबरोबर बसला होता, पोलिसांनी चौघांना उचललं, ह्याच्या सॅकमध्ये गांजाची पुडी सापडली. कागदावर वजन २२ ग्रॅम लिहिलंय. रात्रभर लॉकअपमध्ये होता, दुसऱ्या दिवशी कोर्टात जामीन झाला. कोर्टाबाहेर भेटलेला एक वकील म्हणतो, चार्जशीट आली की गुन्हा कबूल करून टाका, थोडा दंड भरा आणि मोकळे व्हा. ह्यांच्या ओळखीचा एक माणूस म्हणतो ६० हजार द्या, एफआयआरमधून नाव काढून देतो. माझा भाचा न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो मावशी एवढं काय घेऊन बसलीस, इथे दुकानात मिळतं. आमच्या मुलालाही पुढे एमएससाठी तिकडेच पाठवायचं होतं. ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय, कॉलेज सोडवून गावी धाडतो म्हणतात. मी नेटवर वाचलं १० वर्षं जेल. मला झोप नाही. काय करू सांगा."

ताई, आधी ते १० वर्षांचं डोक्यातून काढून टाका. नेटवर वाचलंत ते खोटं नाहीये पण ते तुमच्या मुलाला लागू होत नाही. आपल्याकडे गांजासाठी एनडीपीएस कायदा आहे, १९८५ चा, आणि त्यात शिक्षा किती हे माल किती सापडला यावर ठरतं. गांजाची 'स्मॉल क्वांटिटी' म्हणजे १ किलोच्या आतली आणि 'कमर्शियल' म्हणजे २० किलोच्या वरची. मधल्या वजनाला १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड, तुम्ही वाचलंत ते हे असणार. कमर्शियलला कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त २० वर्षं, वर १ ते २ लाख दंड. आणि १ किलोच्या आत असेल तर १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या मुलाकडे २२ ग्रॅम निघाला, म्हणजे तो ह्या शेवटच्या खान्यात येतो. २०१४ च्या आधी हीच मर्यादा ६ महिने होती, नंतर वाढवली, त्यामुळे जुन्या लेखांत अजून ६ महिने दिसेल, गोंधळू नका. ओढल्याचं कलम वेगळं, २७ नंबरचं, त्यात गांजासाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एफआयआरमध्ये बघा, कलम ८ क आणि २० ब असेल, मेडिकल केलं असेल तर २७ पण असेल कदाचित.

एक मात्र नीट तपासा की कागदावर गांजाच लिहिलंय, चरस नाही. चरसला स्मॉल क्वांटिटी फक्त १०० ग्रॅमच्या आतली आणि १ किलोच्या वर गेलं की थेट कमर्शियल. पोरं हे सगळं एकाच दमात 'माल' म्हणतात, कायदा तसं म्हणत नाही. आणि कोणी सांगेल की भांग तर चालते मग गांजा का नाही, तर ह्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. नुसती पानं आणि बिया, शेंड्यांशिवाय असतील तर त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग ह्या कायद्याबाहेर राहिली आणि राज्यांच्या हातात गेली. महाराष्ट्रात म्हणून भांग मोकळी आहे असंही नाही, तिला दारूबंदी कायदा लागतो. पण हा तुमच्या केसचा विषय नाही, पुढे जाऊ.

आता त्या "कबूल करा आणि मोकळे व्हा" वाल्या सल्ल्यावर येते, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते, पोलिसांची पण एवढी नाही. कोर्टात ते कसं होतं बघा. तारखेला नाव पुकारतात, पोरगा पुढे जाऊन उभा राहतो, साहेब विचारतात गुन्हा कबूल आहे का, पोरगा मान हलवतो, वकील म्हणतो पहिलाच गुन्हा आहे, स्टुडंट आहे, दया करा, साहेब दंड सांगतात, तुम्ही खाली जाऊन पैसे भरता, पावती घेता, चहा पिऊन दुपारी घरी. आईबापाला वाटतं सुटलो. पण त्या दिवशी तुमच्या मुलाच्या नावावर ड्रग्जच्या कायद्याखाली 'दोषी' असा निकाल लागलेला असतो आणि तो तिथेच राहतो. दंड २ हजार असो की १० हजार, शिक्षा ती शिक्षाच. उद्या सरकारी नोकरीचा अटेस्टेशन फॉर्म आला, त्यात विचारतात कधी अटक झाली का, केस झाली का, दोषी ठरलात का. मोठ्या कंपन्या बॅकग्राउंड चेक करतात. आणि देव न करो पण परत कधी ह्याच कायद्यात सापडला तर दुसऱ्या वेळची शिक्षा दीडपट होऊ शकते, ती ह्या पहिल्या कबुलीच्या जोरावर.

अजून एक गोष्ट जी घाईत कोणी सांगत नाही. पहिला गुन्हा आहे म्हणून चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडा, हा जो फायदा बाकी लहान गुन्ह्यांत कोर्ट देऊ शकतं, तो एनडीपीएसमध्ये दोषी ठरलेल्याला सरसकट मिळत नाही. आरोपी १८ च्या खालचा असेल तर मिळतो, किंवा कलम २६-२७ खाली शिक्षा असेल तर. तुमचा मुलगा १९ चा आहे आणि गांजा जवळ बाळगल्याचं कलम २० आहे. म्हणजे कुठल्या कलमात कबूल करतोय यावरही बराच फरक पडतो, आणि हे कोर्टाच्या दारात दोन मिनिटांत ठरवायची गोष्ट नाही. मी असं म्हणत नाहीये की कबुली कधीच देऊ नये. कधीकधी सगळं तपासून तोच रस्ता बरा ठरतो. पण तो चार्जशीट वाचल्यावर, तुम्ही शोधलेल्या वकिलाबरोबर बसून ठरवायचा, गेटवर भेटलेल्या माणसाच्या सांगण्यावरून नाही.

मग दुसरा रस्ता कुठला? ह्याच कायद्यात आहे, कलम ६४ अ. जो माणूस व्यसनाधीन आहे आणि ज्याच्यावर सेवनाचा किंवा स्मॉल क्वांटिटीचा आरोप आहे, तो जर स्वतःहून सरकारी किंवा पालिकेच्या, किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या हॉस्पिटलमध्ये किंवा संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते घेतले, तर त्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवता येत नाही. शिक्षा माफ असं नाही, खटलाच नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. मुंबईत हे कागदावरचं नाहीये. एका हिंदी सिनेमाच्या हिरोला २००१ मध्ये कोकेनच्या केसमध्ये अटक झाली होती, त्याने केईएमला उपचार घेतले आणि २०१२ मध्ये मुंबईच्या कोर्टाने त्याला ह्याच कलमाखाली संरक्षण दिलं. वर्षं किती गेली तेही बघा, म्हणून हे पाऊल लवकर उचलायला सांगते. केईएम, नायर, सायन ही पालिकेची हॉस्पिटलं आहेत, तिथल्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढून सुरुवात करता येते, खर्च फार येत नाही.

पण ह्यात एक अट आहे ताई, आणि ती मला तुम्हाला स्पष्ट सांगायला हवी. हे कलम व्यसनाधीन माणसासाठी आहे, म्हणजे ज्याला त्याची सवय जडलीये. तुमचा मुलगा महिन्यातून एकदा मित्रांबरोबर ओढत असेल तर डॉक्टर तसं लिहिणार नाहीत आणि त्यांनी लिहूही नये. खोटं सर्टिफिकेट आणायचा विचार कोणी डोक्यात घातला असेल तर काढून टाका, त्यातून दुसरा गुन्हा उभा राहतो. मुलाला डॉक्टरांसमोर एकट्याला बसू द्या, तुम्ही बाहेर थांबा. तो त्यांना खरं सांगेल जे तुम्हाला सांगणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तिथलं बोलणं गुप्त ठेवायचं बंधन आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारा त्रास त्या कायद्यात धरलेला आहे. डॉक्टर म्हणाले सवय लागलीये तर वकिलाला सांगून ६४ अ चा अर्ज करा. नाही म्हणाले तर देवाचे आभार माना आणि केस केससारखी लढा. आणि समजा सवय आहे पण अर्ज वेळेत झाला नाही आणि दोषी ठरलाच, तरी कलम ३९ मध्ये कोर्ट लगेच शिक्षा न देता त्याच्या संमतीने उपचाराला पाठवू शकतं. हॉस्पिटलला जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६, पैसे लागत नाहीत.

केस लढायची म्हणजे काय तेही सांगते, कारण लोकांना वाटतं माल सापडला म्हणजे संपलं. चार्जशीट मिळाली की पहिला पंचनामा वाचायचा. पुडी नेमकी कुठे सापडली लिहिलंय, खिशात की सॅकमध्ये? अंगझडती घ्यायची असेल तर पोलिसांनी आधी सांगावं लागतं की तुला मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती द्यायचा हक्क आहे. हे सांगणं बंधनकारक आहे, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पक्कं केलंय. पण हा नियम अंगझडतीचा, बॅगेच्या झडतीला तो लागत नाही, तेही सुप्रीम कोर्टानेच २००५ मध्ये सांगितलंय. तुम्ही लिहिलंय सॅक, त्यामुळे ह्या एका मुद्द्यावर फार आशा धरू नका. मग वजन. २२ ग्रॅम हे पुडीसकट की नुसतं आतलं, त्यात काड्या, बिया किती, सील कधी लावलं, पंच कोण होते, कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट काय म्हणतो आणि तिथे पोचलेलं पाकीट हेच होतं का. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्यात झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं असतं, ते आहे का, असेल तर त्यात काय दिसतंय. हे सगळं चांगला वकील विचारेल, न विचारता "कबूल करा" म्हणणारा विचारणार नाही. लॉकअपमध्ये मुलाने घाबरून काही कबुलीजबाब दिला असेल तर त्याचीही धास्ती घेऊ नका, पोलिसांसमोरची कबुली कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही.

चार्जशीटला पण वेळेची मर्यादा असते. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त १ वर्ष शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाने १ वर्षाच्या आत घ्यायची असते, उशीर झाला तर तो मुद्दा वकिलाने उचलायचा. तोवर मुलाने करायचं काम एकच, प्रत्येक तारखेला आणि पोलीस स्टेशनला हजेरी लावलेली असेल तर तिथे न चुकता जायचं. मुंबई हायकोर्टाने २०२० मध्ये म्हटलंय की ह्या कायद्यातले सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, स्मॉल क्वांटिटीचे सुद्धा. त्यात जामीन मिळतो, तुमच्या मुलाला मिळाला, पण तारीख चुकवली आणि वॉरंट निघालं तर मिळालेला जामीन घालवून बसाल. परीक्षा असेल तर वकिलाकडून आधी अर्ज द्या, हॉल तिकीट जोडा, कोर्ट ऐकतं.

फोनमधले चॅट डिलीट करायला लावले असतील तर आता थांबा. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे आणि समोरच्याच्या फोनमध्ये ते असतंच. त्याला विचारा मात्र, की मित्रांकडून कधी जीपेवर पैसे घेऊन त्यांच्यासाठी माल आणला होता का. पोरांना वाटतं आपण फक्त वर्गणी काढली, पण कागदावर ते विक्रीसारखं दिसतं, आणि त्याला नुसतं ओढणाऱ्यासारखी सहानुभूती मिळत नाही. हे वकिलाला खरं खरं माहीत पाहिजे. चौघांच्या घरच्यांनी बसून एकच गोष्ट पाठ करायची, सॅक चौथ्याची होती असं ठरवायचं, हे तर अजिबात नको. त्यात एखादं गरीब घरचं पोरगं बळी जातं. तुमच्या मुलाला जामीनदार होते, कागद होते, मामा-काका धावले. ज्याच्याकडे रेशन कार्ड धड नाही, जामीन द्यायला कोणी नाही, तो एवढ्याच पुडीसाठी आर्थर रोडच्या जेलमध्ये पडून राहतो. माझं मत विचाराल तर एवढ्याशा मालासाठी कोणाच्याही पोराला आधी कोर्टात उभं करू नये, आधी डॉक्टरकडे न्यावं, आणि ६४ अ चा हक्क अटकेच्या दिवशीच सांगितला जावा. कायदा आज तसा नाही. आज जो आहे त्यातच तुम्हाला वाट काढायचीये.

६० हजारवाल्या माणसाबद्दल एवढंच, एक रुपया देऊ नका. एफआयआर नोंदवली गेली, रिमांडला कोर्टात गेली, जामिनाच्या ऑर्डरमध्ये नाव आलं, आता ते नाव कोणी हवालदार काय, सीनियर पीआय सुद्धा खोडू शकत नाही. केस रद्द करायची ताकद हायकोर्टाची, आरोपातून मुक्त करायची कोर्टाची, बास. तो पैसे घेईल, दोन महिने "काम चालू आहे" म्हणेल आणि मग फोन उचलणार नाही. आणि २०१८ पासून लाच देणं हा सुद्धा सरळ गुन्हा आहे, म्हणजे पोरगा गांजाच्या केसमध्ये आणि बाप लाचेच्या. जास्तच मागे लागला तर १०६४ हा लाचलुचपत खात्याचा नंबर आहे. त्या ६० हजारांत तुम्हाला चांगला वकील मिळेल, आणि पैशाची अडचण असेल तर कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, उत्पन्न मर्यादेत बसत असाल तर तिथून वकील फुकट मिळतो.

आता अमेरिका. भाचा खोटं बोलत नाहीये, न्यू जर्सीत २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला स्वतःपुरता गांजा बाळगता येतो, २०२२ पासून लायसनच्या दुकानात विकतही मिळतो. पण तो तिथल्या राज्याचा कायदा झाला. व्हिसा देतं ते तिथलं केंद्र सरकार, आणि त्यांच्या केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बंदी असलेल्या पदार्थांतच आहे. म्हणून इमिग्रेशनला न्यू जर्सीत काय चालतं याचं काही पडलेलं नसतं. व्हिसाच्या फॉर्मवर थेट प्रश्न असतो, कधी अटक झाली का किंवा दोषी ठरलात का, नंतर माफी मिळाली असली तरी सांगा. ड्रग्जच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या माणसाला, भले २ हजार दंडावर सुटलेला असो, त्यांच्या कायद्याने प्रवेश नाकारता येतो. ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाच्या एकाच गुन्ह्याला थोडी सवलत आहे, माफीचा अर्जही करता येतो, पण तो अर्ज करायचा, वाट बघायची, मिळेलच याची खात्री नाही आणि युनिव्हर्सिटीचं सेमिस्टर तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून परत सांगते, त्या दंडाच्या पावतीची किंमत इथे मोजली जाणार नाही, तिकडच्या कॉन्सुलेटच्या खिडकीवर मोजली जाईल. बीकेसीत अमेरिकन कॉन्सुलेटला इंटरव्ह्यूला उभा राहील तेव्हा अटक लपवायची नाही, कागद घेऊन जायचे, निर्दोष सुटल्याची किंवा केस संपल्याची ऑर्डर सर्टिफाइड कॉपीसकट. खोटं सांगितलेलं पकडलं गेलं तर गांजापेक्षा ते जास्त महागात पडतं. आणि समजा पुढे गेलाच तर भाच्याबरोबर दुकानात जायचं नाही, स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला तिथल्या केंद्राचा कायदा लागतो, त्यात ड्रग्जच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढायची तरतूद आहे. भाच्यालाही हे वाचायला द्या, तो नागरिक झालेला नसेल तर त्याच्याही कामाचं आहे.

पासपोर्ट काढलाय का त्याचा? नसेल तर केस चालू असताना पासपोर्ट ऑफिस नाकारू शकतं, पोलीस व्हेरिफिकेशनला अडकतं. त्यावर उपाय म्हणजे ज्या कोर्टात केस आहे तिथून एनओसी घ्यायची. कोर्टाने मुदत लिहिली नाही तर साधारण १ वर्षाचा पासपोर्ट देतात. फॉर्मवर केस नाही असं लिहू नका. पासपोर्ट आधीच असेल तर जामिनाच्या ऑर्डरमध्ये परदेशी जायला बंदी घातलीये का ते वाचा, आणि तोवर मित्रांबरोबर बँकॉक वगैरेचे बेत बंद. हे उगाच लिहीत नाहीये, तिकडून बॅगेत 'हायड्रो', म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा, घेऊन येणारी पोरं मुंबई एअरपोर्टवर सारखी पकडली जातायत, एजंट फुकट तिकीट आणि खर्चाला पैसे देतो म्हणून जातात. ते किलोंमध्ये असतं. त्याला आपला हा स्मॉल क्वांटिटीचा खाना नाही.

आता घरचं. तुमच्या मिस्टरांचा राग मला कळतो. चाळीतून फ्लॅटपर्यंत आलेल्या माणसाला पोराला लॉकअपच्या जाळीमागे बघणं म्हणजे काय असतं हे कोणाला सांगायला नको. पण कॉलेज सोडवून गावी धाडणं हा उपाय नाही, त्याने केसचं पण नुकसान आहे आणि पोराचं पण. जामीन भांडुपच्या पत्त्यावर झालाय, तारखा मुंबईत, हजेरी मुंबईत. आणि कोर्टासमोर "कॉलेज चालू आहे, अटेंडन्स आहे, एटीकेटी नाही" हे दाखवणं फार कामाचं असतं, ते तुम्ही स्वतःच्या हाताने घालवणार का? गावी पाठवून तो एकटा पडेल, दिवसभर फोन आणि डोक्यात हेच. गांजा गावात मिळत नाही असं समजत असाल तर तेही तसं नाही.

उलटं टोक पण नको. "वीड तर नॅचरल आहे, दारूपेक्षा बरं" हे तो तुम्हाला नक्की म्हणेल, रील्सवर तेच ऐकतो. ह्या वयात मेंदूची वाढ चालू असते, रोज ओढणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सवय जडते, लक्ष लागत नाही, आणि ज्यांच्या घराण्यात कोणाला गंभीर मानसिक आजार झालेला आहे त्यांच्यात भास-संशय सुरू व्हायचा धोका वाढतो. तुमच्याकडे किंवा सासरी असं कोणी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, लपवू नका. खोलीत गोगो पेपर, म्हणजे गांजा वळायचा कागद, सापडला म्हणून तमाशा करण्यापेक्षा त्याला तीन गोष्टी विचारा, कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, आणि एकटा असताना ओढतोस का. तिसऱ्याचं उत्तर हो आलं तर वकिलाच्या आधी केईएम.

आणि मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या, नाहीतर तुम्हीच वाचून दाखवा. त्यांनी रागवावं, दोन कडक शब्द बोलावेत, पण बोलावं. तारखेला त्याच्याबरोबर त्यांनी जावं, तुम्ही नाही. बाप शेजारी उभा असला की पोरगा वकिलासमोर पण सरळ बोलतो, आणि कोर्टाबाहेरची माणसं पण मग एवढी अंगावर येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात करायचं एवढंच: एफआयआरची आणि जामिनाच्या ऑर्डरची कॉपी एका फाईलला लावा, हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढा, आणि फौजदारी काम करणारा, एनडीपीएसच्या केसेस चालवलेला वकील बघा. त्याला पहिलाच प्रश्न विचारा की ६४ अ बद्दल तुमचं काय म्हणणं आहे. गडबडला तर दुसरा बघा. चार्जशीट हातात आली की पंचनाम्याची पानं ह्याच पत्त्यावर पाठवा, नावं खोडून, मी वाचून लिहीन.